कार्डांचं उत्तरकार्य

शिताडेरामाची, ओसाका
डिसेंबरचा पहिला आठवडा

प्रिय चिझुरू,

तुझं पोस्टकार्ड पोचलं. त्यावरचं ते समुद्रातलं माकूल तुझ्या शाळेतल्या मुलांनी काढलं असेल तर त्यांना माझी शाबासकी सांग. तू काढलं असशील तर त्या विषयावर आपण मौन पाळू. इत्सुकोनं ते पाहिलं आणि विचारलं, "अहो, ही छत्री का म्हणून पाठवलीय चिझुरूनं?" मी तिला सांगितलं, हाकोदातेला हिमवर्षाव फार होतो, छत्रीला दहा पाय लागत असतील. तरीही ते कार्ड तिनं स्वयंपाकघरात फडताळाला टोचून ठेवलंय. तुझ्या अक्षरातली ती ओळ मला रोज चहा घेताना दिसते, 'कार्डांचे भाव कोसळले! गेन्शो, माझ्या क्लबातल्या मुलांनी काल पहिल्यांदा काचेमागचं कार्ड हातात धरलं!' आणि खाली, बारीक अक्षरात, शाईचा रंग बदलून, 'दादाला सांग, आता तरी डबी फोड.'

शाई बदललेली मी पाहिली बरं का. म्हणजे ती ओळ लिहावी की नाही यावर तू एक रात्र तरी काढलीस. तू तुझ्या दादाशी बोलत नाहीस, त्याचं नाव काढलं की फोन ठेवतेस, आणि निरोप मात्र माझ्या हातून धाडतेस. मंदिराचा पुरोहित म्हणून मेलेल्यांचे निरोप जिवंतांना आणि जिवंतांचे मेलेल्यांना पोचवण्याची मला सवय आहे. दोन जिवंत माणसांमधलं टपाल मात्र फार अवघड असतं. आधीच सांगून टाकतो, हे पत्र तुझ्या दादाविषयी, मुनेओविषयी आहे. तो जिवंत आहे. हेही आधीच सांगतो, म्हणजे तू पुढचं धीरानं वाचशील. फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून मग फाड.

तू कळवलेली आनंदवार्ता इकडे निप्पोनबाशीत कशी दिसते ते ऐक. आमच्या देवळाच्या गल्लीपासून खेळायच्या चित्रकार्डांच्या दुकानांचा रस्ता दोन वळणांवर आहे, हे तुला मी सांगायला नको. भाव चढते होते तेव्हा नवीन पाकिटं यायची असली की आदल्या दुपारपासून रांग लागायची, आणि ती घडीच्या खुर्च्या, गॅसची शेगडी, कुत्रं, म्हातारे वडील अशा सरंजामासह थेट आमच्या फाटकाशी यायची. या देवळाला शतकभरात एवढी गर्दी कधी झाली नव्हती. फक्त सगळ्यांची पाठ देवाकडे असायची. आता त्या रस्त्यावर चालताना माझ्या खडावांचा आवाज मलाच ऐकू येतो. दुकानाबाहेर जी फळी असायची, 'आम्ही या भावानं घेतो' असं ठळक अक्षरांत लिहिलेली, ती आधी रोज पुसून लिहिली जायची, मग दिवसातून दोनदा, आणि आता तिच्यावर एवढंच आहे, 'खरेदी तूर्त बंद. क्षमस्व.' कंपनीनं जुनी दुर्मीळ चित्रं पुन्हा भरमसाट छापली, परदेशातले घेणारे अंतर्धान पावले, आणि ज्यानं त्यानं घरात जपून ठेवलेले खोके एकाच आठवड्यात बाहेर काढले. प्रत्येकाला वाटत होतं, वेळ आली की मी इतरांच्या आधी निघेन. मी अनित्यतेवर वर्षानुवर्षं प्रवचन देतोय, समोरचे झोपतात. हा धडा या बाजारानं एका ऋतूत शिकवला आणि एकही माणूस झोपला नाही.

खेळणाऱ्यांचं म्हणशील तर तू लिहितेस ते अक्षरशः खरं आहे. दुकानातली खेळायची टेबलं भरलेली असतात. परवा डोकावलो तर टाय सैल केलेला एक कारकून समोरच्या आजीबाईंशी खेळत होता. मध्ये बटाट्याचे काप, त्याच तेलकट बोटांनी तो आजींची गड्डी पिसत होता, आणि गड्डीत अशी दोन कार्डं की जी वर्षापूर्वी कुलूपबंद कपाटात दिवा लावून ठेवलेली असत. आजी म्हणाल्या, "अहो, बोटं पुसा, माझ्या सुनेचं कार्ड आहे ते." तो म्हणाला, "सूनबाईंना सांगा, आता त्याहून हे बटाटे महाग आहेत." आणि दोघं अशी हसली! मलाही हसू आलं. मागे वळलो तर काचेबाहेर मुनेओ उभा होता. त्यालाही सगळं ऐकू गेलं असावं. तो मला म्हणाला, "चांगलं खेळते रे म्हातारी." बस, एवढंच. आणि कोटाच्या खिशात हात घालून स्टेशनच्या उलट्या दिशेनं गेला.

तो कुठे राहतो ते तू पाहिलेलं नाहीस. तामात्सुकुरीला, लोखंडी जिन्याच्या वर, दीड खोली. त्यातली 'एक' कार्डांची होती आणि 'अर्धी' त्याची. कार्डांच्या खोलीत हवा कोरडी ठेवणारं यंत्र अहोरात्र चालू, पडदे जाड, उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात कोमट. आणि हा गृहस्थ चुलीशेजारी ओव्हरकोट घालून झोपायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, निदान दार उघडं ठेव, त्यांची ऊब तुला मिळेल." तर म्हणाला, "माझ्या श्वासाची वाफ त्यांना बाधते, भटजी." छापखान्यातली नोकरी त्यानं सोडली ती याच भरवशावर. कार्डांचे रंग, फॉइलचा दाब, कडेची कापणी, हे त्याला छपाईतला माणूस म्हणून कळायचं, आणि जे आपल्याला कळतं त्याची किंमतही आपल्याला कळते असं त्याला वाटायचं. बाजारात त्याच्या शब्दाला मान होता. ज्या दुकानात त्याला आतल्या खुर्चीवर बसवून चहा देत, तिथं गेल्या महिन्यात काउंटरवरचा माणूस वर न बघता म्हणाला, "ठेवून जा साहेब, किलोवर बघू." मी बरोबर होतो. मुनेओनं त्याला वाकून नमस्कार केला, खोका उचलला आणि बाहेर येऊन मला विचारलं, "गेन्शो, माझं वजन किती असेल रे?" मी म्हटलं, तुझ्यात मांस कमी, भाव येणार नाही. आम्ही दोघंही हसलो. माझं हसू घरी पोचेपर्यंत टिकलं नाही.

तुला निळा बगळा आठवत असेलच; मी विचारतोय हेही हास्यास्पद आहे. तुमची आई टोफू आणायला गेली आणि उरलेल्या चिल्लरमधून एक पाकीट घेऊन आली, ते तू आमच्या देवळाच्या मोठ्या दालनात बसून दातानं फाडलंस. चोचीत कंदील धरलेला बगळा. मुनेओ म्हणाला, "दे इकडे, चुरगळशील." तू म्हणालीस, "माझं आहे, मी खाईन नाहीतर चुरगळीन." ते कार्ड खेळायच्या आधी तू त्याच्या वरच्या कोपऱ्यावर नखानं दोनदा टकटक करायचीस, आणि ती टकटक ऐकली की समोर बसलेल्या मला कळायचं की माझा निकाल लागला. माझे वडील शेजारच्या खोलीत मंत्र म्हणत असायचे. त्यांच्या घंटेपेक्षा त्या नखाचा आवाज माझ्या जास्त लक्षात राहिला, हे देव्हाऱ्यातल्या त्यांच्या नावाच्या पाटीसमोर मी अजून कबूल केलेलं नाही.

तू शिकायला उत्तरेला गेलीस तेव्हा बगळा त्याच्याकडे सांभाळायला दिलास, आणि त्यानं तो जरा जास्तच सांभाळला. कार्डांची प्रत ठरवणाऱ्या परीक्षकांकडे पाठवला. त्यांनी भिंगाखाली बघून दहापैकी सहा गुण दिले. तुझ्या नखानं चार खाल्ले. आणि पारदर्शक कडक डबीत कायमचा बंद करून परत धाडला. राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीआधी तू तो मागायला आलीस तो दिवस मला स्वच्छ आठवतो, कारण तुम्ही भांडायला माझंच देऊळ निवडलंत. तो म्हणत होता, "डबी फोडली की कार्ड मेलं, चिझुरू." तू म्हणालीस, "डबीत आहे तोवर ते मेलेलंच आहे. तू काय, मढी सांभाळतोस." शब्द फार तोलून वापरलास. तू बगळ्याशिवाय खेळलीस, हरलीस, आणि त्यानंतर तुम्ही दोघं फक्त एकदा एका छताखाली आलात, आईच्या अंत्यविधीला.

त्या दिवसाचं एक चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. शवपेटी उंबऱ्याबाहेर निघाली, आणि रीतीप्रमाणे आईचा रोजचा भाताचा वाडगा फोडायला थोरला म्हणून मुनेओ पुढे झाला. तुझा भात इथला संपला, आता परतू नकोस, एवढंच सांगणारी ती रीत. शास्त्रात तिला आधार नाही, पण तिच्यापुढे कोणतं शास्त्र टिकलंय! त्यानं वाडगा आपटला, आणि तो फुटलाच नाही. गडगडत गेला तो थेट तुझ्या पायाशी. तू तो उचललास, दोन्ही हातांनी त्याच्या हाती दिलास, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. दुसऱ्या खेपेला फुटला. "आईला जायचं नव्हतं," असं तो नंतर मला म्हणाला. "मी दोनदा घालवली तिला."

असो. मी तुझा निरोप त्याला दिला. छत्रीसकट पोस्टकार्डच दाखवलं. त्यानं ती बारीक ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, "असं म्हणते? बरं म्हणते." मग पोस्टकार्ड मला परत देत, "तुमच्याकडे जुन्या बाहुल्यांचा होम असतो ना? त्यात कार्डं चालतात का?" आता, बाहुल्या, मोडक्या सुया, चष्मे, लेखण्या, ज्यांनी आपली सेवा केली त्यांचं उत्तरकार्य आम्ही करतोच. यंदा दोन-तीन जणांनी कार्डांविषयी विचारलंही होतं, फेकवत नाहीत आणि विकली जात नाहीत म्हणून. इत्सुको म्हणाली, "घाला श्राद्ध, मग शेअर बाजाराचंही घाला, निदान जेवणावळ मोठी होईल." मी मुनेओला हो म्हटलं. मला वाटलं, ओझं उतरेल त्याचं. एकच अट घातली की प्लास्टिक जाळणार नाही; शेजारी तक्रार करतात आणि अग्निदेवही खोकतो. डब्या ज्याच्या त्यानं फोडून आणायच्या.

तो फोडायला देवळातच आला. गिंको वृक्षाखाली पोतं अंथरून बसला. लाकडी हातोडा, चिमटा, सुती हातमोजे. डबीच्या कडेवर एकच नेमका ठोका, टचकन फट, आणि आतलं कार्ड चिमट्यानं असं बाहेर काढायचा की जणू ते जाळायचं नसून दवाखान्यात न्यायचं आहे. मी म्हटलं, "अरे, आता हातमोजे कशाला?" म्हणाला, "शेवटची आंघोळ घालताना तू हात धुतोस की नाही?" दुपारी इत्सुको चहा घेऊन गेली तर तिला एकेक दाखवत होता, "वहिनी, हा निळा रंग बघा, आता असा छापत नाहीत." ती म्हणाली, "मग ठेवा की भाऊजी, इतकं सुंदर आहे तर." तो म्हणाला, "कोणासाठी?" वादाच्या सुरात नव्हे, रस्त्यात कोणी वाट विचारावी तसं. ती मला अजून ऐकवते आहे, की तुम्ही एवढं संस्कृत शिकलात, तुम्हाला तरी उत्तर सुचायचं होतं.

होमाला बाकीचे लोक रोजच्या कपड्यांत आले होते. मुनेओ काळ्या सुटात आला, काळा टाय, हातात जपमाळ. आईच्या वेळचाच सूट, आता खांद्यावरून ओघळणारा. एकानं त्याला हसून विचारलंही, "कोण वारलं?" त्यानं त्याला व्यवस्थित वाकून नमस्कार केला. फॉइलची कार्डं जळताना ज्वाळा हिरवी होते, हे मला नव्यानं कळलं. माझे मंत्र सुरू होते, आणि त्या हिरव्या उजेडात मला तो पहिल्या रांगेत दिसत होता, आप्तांच्या जागी, पाठ ताठ. संपल्यावर बाकीच्यांनी फोटो काढले. तो इत्सुकोपाशी गेला आणि म्हणाला, "वहिनी, तुमच्याकडे आजवर फार जेवलो. आभार मानायचे राहिले होते." मला म्हणाला, "ओसरीखाली एक पुडकं राहिलंय माझं. जळेल ते जाळ, फुटेल ते फोड." आणि गेला.

इत्सुकोनं त्याची पाठ फिरताच माझी बाही ओढली. "ते पुडकं बघा आधी," ती म्हणाली. "जेवणाचे आभार असे मानत नाहीत हो." वर्तमानपत्राच्या चार घड्यांत त्याचा भाताचा वाडगा होता. तोच, कडेला टवका उडालेला, ज्यात तो लहानपणापासून जेवतो. आणि वाडग्यात, उघडा, डबीबाहेर काढलेला निळा बगळा. मी होमाच्या वस्त्रांतच पळत सुटलो, चिझुरू. पन्नाशीतला पुरोहित, जरीच्या पट्ट्यासकट, सिग्नल तोडून. जिना चढून दार वाजवलं. बऱ्याच वेळानं ते बोटभर उघडलं आणि आतून आवाज आला, "अरे, कपडे तरी बदलून यायचं. तुला या वेषात बघून शेजारी उदबत्त्या शोधायला लागतील." मी पाय दारात घातला आणि धापा टाकत तोंडाला आलं ते बोललो, की माझं मनगट दुखतंय, वर्षअखेरीला समाध्यांवर लावायच्या लाकडी पाट्या रंधा मारून द्यायला मला माणूस नाही, तू चल. धादांत खोटं. त्यानं माझ्या मनगटाकडे पाहिलं, ज्यानं मी त्याचं दार धरून ठेवलं होतं, आणि म्हणाला, "पाट्या संपेपर्यंत येईन."

तेव्हापासून तो आमच्या मागच्या खोलीत राहतोय. पालिकेच्या एक परिचारिकाबाई दोन दिवसांआड येऊन त्याच्याशी बोलतात. त्या भल्या आहेत, आणि तो त्यांच्याशी हवामानावर फार सुंदर बोलतो. पाहुण्यांच्या वाडग्यात जेवतो, आपला कुठे आहे विचारत नाही. तो मी फोडलेला नाही, घासून फडताळात ठेवलाय, तुझ्या छत्रीखाली. काल इत्सुकोला त्याच्या पिशवीत एक गड्डी सापडली, रबर लावलेली, कळकट, तुम्ही दालनात खेळायचात तीच. जाळली नाहीस का, असं विचारलं तर म्हणाला, "त्यात एक कार्ड कमी आहे, अपुरं कसं जाळायचं." ते कार्ड या पाकिटात आहे. डबी नाही, कापूस नाही, तुझ्या नखाची खूण जिथल्या तिथं. मी त्याच्यासमोर बसून पाहिलं, पण मला खेळ पहिल्यापासून येत नाही, आणि तो मला मुद्दाम जिंकू देतो, हे वाईट लक्षण आहे. फोन केला असता, पण त्याचं नाव ऐकून तू ठेवला असतास. पत्र ठेवता येतं, पण आधी वाचावं लागतं. पाट्या केव्हाच संपायला हव्या होत्या. मी दिवसभर त्यांच्यावर संस्कृत अक्षरं मुद्दाम चुकीची लिहितो. एवढी वर्षं ती बिनचूक लिहिली, आणि मेलेल्यांखेरीज ती तपासायला कोणी नव्हतं. आता त्यांचीच क्षमा मागून काना इकडचा तिकडे करतो. संध्याकाळी कपाळाला हात लावून म्हणतो, मुनेओ, ही पण बिघडली रे. तो सकाळी पुन्हा रंधा घेऊन बसतो. त्याला कळत नसेल असं मला वाटत नाही. पण प्रत्येक वेळी पाटी थोडी झिजते, आणि आज एक उजेडासमोर धरली तर पलीकडून त्याची बोटं दिसली. बगळा घेऊन ये, चिझुरू. भात मी लावून ठेवतो.

तुझाच,
गेन्शो